कान वाजायला लागलाय? मुंबईतल्या नवख्यांसाठी पहिल्या रात्रीपासूनची वाट

विसर्जनानंतरच्या तिसऱ्या रात्री, दीड-दोनच्या सुमाराला, मी आमच्या गिरगावातल्या खोलीचा मेन स्विच खाली ओढला. त्याआधी फ्रिज बंद करून पाहिला होता, सेट-टॉप बॉक्सची पिन काढली होती, मोबाइलचा चार्जर काढला होता. कुठून तरी बारीक ‘ईईई’ येत होतं, जुना टीव्ही चालू केल्यावर यायचं तसं. मेन स्विच पडला, पंखा गरगरत थांबला आणि आवाज उलट मोठा झाला. अंधारातून आईने विचारलं, “लाइट गेली का रे?” तेव्हा लक्षात आलं की हे घरातलं काही नाही, माझाच कान वाजतोय.

त्याला आता सहा वर्षं झाली. आवाज आजही आहे, हे लिहितानाही आहे. डॉक्टर याला टिनिटस म्हणतात, वैद्य कर्णनाद म्हणतात, आई ‘तुझा रातकिडा’ म्हणते. मी डॉक्टर नाही. विम्याच्या ऑफिसात क्लेमच्या फायली बघतो आणि अकरा वर्षं पथकात ताशा वाजवला. पहिल्या वर्षी मी पैसे, झोप आणि डोकं तिन्ही उधळलं. तुमचं त्यातलं एखादं तरी वाचावं म्हणून जे केलं आणि जे करायला हवं होतं ते क्रमाने लिहितोय.

१. घाई कधी करायची

बहुतेक वेळा कान वाजणं जिवावरचं नसतं. पण खालचं काही असेल तर पुढचं नंतर वाचा, आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा.

एका कानाचं ऐकणं अचानक, दोन-तीन दिवसांत उतरलं. इथे सगळ्यात जास्त लोक फसतात, कारण ‘सर्दीने कान बसलाय, उतरेल’ असं वाटतं. अंतर्कर्णाला अचानक बहिरेपण आलं असेल तर स्टेरॉइड जितक्या लवकर सुरू होईल तितकं बरं, पहिल्या दोन आठवड्यांच्या आतच त्याचा खरा उपयोग. ‘पुढच्या सोमवारी बघू’ करू नका.

आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर धप-धप येतोय. हा रक्तवाहिन्यांशी संबंधित असू शकतो, त्याची तपासणी वेगळी.

आवाज एकाच कानात आहे आणि त्याच कानाने कमी ऐकू येतंय. डॉक्टर एमआरआय सांगतील. श्रवणाच्या नसेवर गाठ नाही ना, एवढं बघायला. गाठ क्वचितच निघते आणि निघाली तरी ती सहसा कॅन्सरची नसते, पण बघायचं राहून जाता कामा नये.

चेहऱ्याची एक बाजू लुळी वाटतेय, गरगरून चक्कर येतेय किंवा डोक्याला मार लागल्यावर हे सुरू झालंय, तर ओपीडीची वाट न बघता थेट कॅज्युअल्टी.

२. कानात काही घालू नका

कोमट तेल, लसणाचं तेल, इअरबड, हेअरपिन, स्कूटरची किल्ली, काहीही नाही. चौपाटीवर आणि स्टेशनबाहेर लाल टोपीत कापूस-काड्या खोचून फिरणारे कान साफ करणारे भेटतात, त्यांच्यासमोर बसू नका. साचलेल्या मळानेही कान वाजतो. माझ्या मामीच्या कानातला आवाज डॉक्टरने मळ काढल्यावर टेबलावरून उठायच्या आत गेला. माझ्या कानात मळच नव्हता, तरी तिचं ऐकून मी आठवडाभर तेल घातलं, आणि तपासणीला गेलो तर पडदा दिसेना म्हणून ‘आधी साफ करून या’ असं सांगून परत पाठवलं.

३. कुठे जायचं, काय न्यायचं

मुंबईत दोन वाटा आहेत. एक सार्वजनिक रुग्णालयांची: परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर, शीवचं लोकमान्य टिळक, भायखळ्याचं जे. जे. सगळीकडे कान-नाक-घशाची ओपीडी आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा. नायरमध्ये ऑडिओलॉजीचा, म्हणजे श्रवणशास्त्राचा, अभ्यासक्रमही चालतो. दुसरी वाट वांद्रे रेक्लमेशनची. तिथे केंद्र सरकारची अली यावर जंग संस्था आहे, १९८३ पासून फक्त श्रवण आणि वाचेचंच काम करते. माझं मत विचाराल तर आधी डॉक्टरला कान दाखवा आणि श्रवणचाचणी अशा ठिकाणी करा जिथे मशीन विकणं हा मुख्य धंदा नाही.

हे सांगायचं कारण आहे. माझी पहिली चाचणी मी रस्त्यालगतच्या एका श्रवणयंत्राच्या दुकानात ‘फुकट’ करून घेतली. बंद खोली नव्हती, काचेपलीकडे बेस्टची बस गिअर बदलत होती, आणि रिपोर्टमध्ये दोन्ही कान आहेत त्यापेक्षा खराब आले. लगेच समोर कॅटलॉग. आवाजबंद बूथ नसेल तर चाचणी करू नका. ऑडिओलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका.

न्यायचे कागद आणि माहिती, एका फोल्डरमध्ये, तारखेप्रमाणे खाली जुनं वर नवं:

- आधार आणि जुना केसपेपर असल्यास तो
- आधीचे ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणचाचणीचे आलेख. कितीही जुने असोत. नोकरीला लागताना केलेल्या मेडिकलचाही चालतो
- चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी, मात्रेसकट. रिकामी पाकिटंच न्या, नावं चुकत नाहीत
- पूर्वी टीबीची इंजेक्शनं, केमोथेरपी किंवा हिवतापाचं औषध घेतलं असेल तर त्याचे कागद. अमिकासिन, सिस्प्लाटिन, क्विनाइन ही कानाला त्रास देऊ शकणारी औषधं आहेत. यातलं काही किंवा हृदयासाठीची अ‍ॅस्पिरिन आज चालू असेल तर स्वतःहून बंद मात्र करू नका, लिहून दिलेल्या डॉक्टरला विचारा
- अर्ध्या पानाचं टिपण: आवाज कधी सुरू झाला, कोणत्या कानात, कसा, आवाजाच्या जागी किती वर्षं काम केलं, जबडा पुढे काढल्यावर किंवा मान वळवल्यावर बदलतो का

हा शेवटचा प्रश्न विचित्र वाटेल, पण पुढे संशोधनात त्याला किंमत आहे. आत्ताच आरशासमोर करून बघा.

४. बूथच्या आत

बूथमध्ये बसवून हेडफोन लावतात, हातात बटण देतात. अगदी हलका सूर आला तरी दाबायचं. अडचण अशी की आपला स्वतःचा सूर आधीच चालू असतो, त्यामुळे ‘मशीनचा की माझा?’ असा गोंधळ उडतो. हे आधी सांगून ठेवा. तुटक सूर लावून चाचणी घेता येते. नेहमीची चाचणी २५० ते ८००० हर्ट्झपर्यंत असते. मधल्या ३००० आणि ६००० वरही बघा असं म्हणा, कारण दणदणाटाने झालेलं नुकसान सहसा ४००० च्या आसपास दिसतं. माझा आलेख सरळ रेषेत चालत येऊन ४००० ला विहिरीत पडल्यासारखा खाली जातो आणि ८००० ला पुन्हा वर येतो. ऑडिओलॉजिस्ट बाईंनी पेनाने त्या खड्ड्यावर टिचकी मारली आणि विचारलं, “ढोल का ताशा?”

का वाजतं, हे थोडक्यात. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखा अवयव आहे, त्यात आवाज टिपणाऱ्या सुमारे १५ हजार केसपेशी असतात. माणसात त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. सुरांच्या एखाद्या पट्ट्यातली खबर मेंदूकडे जायची बंद झाली की मेंदू त्या पट्ट्यातलं आपलं वाढवून ऐकायला बघतो आणि त्या वाढवण्यातली खरखर आपल्याला सूर म्हणून जाणवते, असा आज बऱ्यापैकी मान्य असलेला तर्क आहे. चाचणी अगदी नॉर्मल येऊनही कान वाजू शकतो. २००९ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं की दणदणाटानंतर ऐकण्याची पातळी पूर्ववत होते, पण केसपेशी आणि नस यांच्यामधले जोड कायमचे तुटलेले असू शकतात. तेव्हा ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, मनाचे खेळ आहेत’ असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नका.

५. गोळ्यांच्या चिठ्ठीबद्दल

टिनिटस घालवणारं मान्यताप्राप्त औषध आज नाही. तरी चिठ्ठीवर बीटाहिस्टिन (चक्करेची गोळी), जिंको (झाडाच्या पानांचा अर्क), झिंक यातलं काहीतरी येतं. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा डॉक्टरांच्या संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत जिंको, झिंक, मेलाटोनिन सुचवू नका असं म्हटलंय; ब्रिटनच्या २०२० च्या सूचनांत नुसत्या टिनिटससाठी बीटाहिस्टिन देऊ नका असं आहे. चक्करही येत असेल तर डॉक्टरांचं कारण वेगळं असू शकतं. “हे कशासाठी?” एवढंच शांतपणे विचारा. मी पाच महिने जिंको घेतलं. त्या पैशात चांगला टेबलफॅन आला असता, आणि टेबलफॅनने जास्त उपयोग झाला असता.

६. रात्र

खरी परीक्षा इथेच. दिवसा लोकलमध्ये, ऑफिसात आवाज बुडून जातो. रात्री अकराला चाळ निजली की तो उभा राहतो.

अगदी शांत खोली शोधू नका. १९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन या संशोधकांनी चांगलं ऐकू येणाऱ्या ८० जणांना आवाजबंद खोलीत बसवलं, तर ९४ टक्के लोकांना काही ना काही ऐकू आलं. नुसती शांतता धडधाकट कानालाही वाजवते. खोलीत हलका, कंटाळवाणा, शब्द नसलेला आवाज ठेवा. पंखा, उशीजवळ ठेवलेल्या मोबाइलवर पावसाचं रेकॉर्डिंग, जून ते सप्टेंबर खरा पाऊस. गाणी नकोत, मन त्यांच्यामागे जातं.

किती मोठा ठेवायचा, यात मी महिनाभर चुकलो. मी आपला आवाज पूर्ण झाकेपर्यंत पावसाचा आवाज वाढवायचो. सकाळी बंद केला की रातकिडा दुप्पट जोराने यायचा, निदान वाटायचं तसं. आवाज थोडा खालीच ठेवा, दोन्ही एकत्र ऐकू आले पाहिजेत. मेंदूला हा सूर ओळखीचा आणि बिनकामाचा वाटायला हवा. तो ऐकूच आला नाही तर ओळख होणार कशी? शेजारच्या खोलीतल्या शिलाई मशीनची आपल्याला सवय होते, तसंच हे.

दुसरी चूक कानात बोळे घालून फिरायची. घाबरून मी घरातसुद्धा इअरप्लग घालायचो. तीन आठवड्यांत भांड्यांचा आवाज सुईसारखा टोचायला लागला. साध्या आवाजांपासून कान लपवला की तो अजून हळवा होतो. प्लग दणदणाटासाठी ठेवा, कुकरच्या शिट्टीसाठी नको.

ज्या उपायाला सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो ऐकून मी सुरुवातीला चिडलो होतो: सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी यांवर काम करणारी मानसोपचाराची पद्धत. तिने आवाज कमी होत नाही, त्याचा जाच कमी होतो. मला वाटलं मला वेडा ठरवताहेत. मग आठ बैठका केल्या. तिसऱ्या बैठकीत त्या उपचार करणाऱ्या बाईंनी विचारलं, “काल दिवसभरात किती वेळा तपासलंत, आवाज आहे का ते?” मी मोजलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मोजलं: दुपारच्या जेवणापर्यंत एकोणचाळीस. फाइल उघडायच्या आधी, चहा आला की, लिफ्टमध्ये. कोणी दार वाजवलं नसताना मी एकोणचाळीस वेळा उठून दार उघडत होतो.

झोप पार उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर कानाचं नंतर बघू. १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. आणि घरच्यांना एकदा तो आवाज मोबाइलवर ऐकवा. सूर काढणारी अ‍ॅप असतात, त्यांत जुळवता येतो. हळूच ऐकवा. बायकोने चार सेकंदांत मोबाइल बाजूला केला आणि त्यानंतर “लक्ष देऊ नकोस” हे वाक्य आमच्या घरातून गेलं.

७. मशीन आणि दाखला

ऐकणंही उतरलं असेल तर श्रवणयंत्राने दोन्ही कामं होऊ शकतात: बाहेरचे सूर परत येतात आणि आतला मागे सरतो. विकत घ्यायच्या आधी काही दिवस घरी वापरून बघायला मागा. फक्त कान वाजतो म्हणून अपंगत्वाचा दाखला मिळत नाही. २०१६ च्या कायद्यात दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्ट्यात ६० डेसिबल किंवा जास्त घट लागते. एजंटच्या नादी लागू नका.

८. दोन वह्या

एक वही कानाची. त्यात रोजचा आवाज मोजून लिहू नका, ते म्हणजे पुन्हा दार उघडणं. महिन्यातून एकदा टीएचआय नावाची २५ प्रश्नांची प्रश्नावली भरा: हो म्हणजे ४, कधीकधी म्हणजे २, नाही म्हणजे ०, बेरीज शंभरपैकी. माझे पहिले गुण ६२ होते, वर्षाने २४, आता १४ च्या आसपास. एवढ्या काळात आवाज तसूभरही बदललेला नाही. महिन्यामहिन्यात सातेक गुणांचा फरक पडला तर तो खरा समजा, दोन-चार गुण झोपेवर आणि बॉसवर अवलंबून असतात.

दुसरी वही संशोधनाची. ती तीन महिन्यांतून एकदाच उघडायची. पहिल्या वर्षी मी रोज रात्री बातम्या शोधायचो, आणि रोज रात्री जागायचो. औषध बाजारात आलं तर तीन महिन्यांत शिळं होत नाही.

९. बातमीचा क्लेम कसा तपासायचा

ऑफिसात क्लेम आला की मी आधी तारीख बघतो, मग नाव, मग मूळ कागद. ‘बहिरेपणावर क्रांतिकारी उपचार’ अशी बातमी आली की तेच करा.

कोणाच्या नावावर आहे? शांघायच्या फुदान विद्यापीठाच्या डॉक्टरांनी जानेवारी २०२४ मध्ये ६ मुलांवरच्या जनुक उपचाराचे निष्कर्ष छापले. जन्मतः बहिऱ्या असलेल्यांपैकी ५ जणांना ऐकू यायला लागलं. थक्क करणारं काम आहे. पण तो ओटोफर्लिन या एकाच जनुकातल्या दोषावरचा उपचार आहे. तिथे केसपेशी जाग्यावर असतात, फक्त खबर पुढे जात नाही. आपल्या ताशाने मेलेल्या पेशींचा त्यात क्लेम बसत नाही. मला ती बातमी नातेवाइकांकडून सोळा वेळा आली.

तुलना कशाशी केली? फ्रीक्वेन्सी थेरप्युटिक्स कंपनीचं एफएक्स-३२२ हे केसपेशी पुन्हा उगवतील या आशेवरचं इंजेक्शन होतं. कोंबडीसारख्या पक्ष्यांत त्या उगवतात, हे १९८० च्या दशकात दिसल्यापासून ही आशा आहे. सुरुवातीच्या छोट्या चाचणीत आकडे छान दिसले. फेब्रुवारी २०२३ मध्ये मोठ्या चाचणीत खोट्या, म्हणजे औषध नसलेल्या, इंजेक्शनपेक्षा फरक दिसला नाही आणि कंपनीने ते सोडून दिलं. त्याआधी २०२२ मध्ये थेट टिनिटससाठीचं ओटीओ-३१३ असंच पडलं. एफएक्स-३२२ ची बातमी आली त्या दिवशी मी रजा टाकली होती; म्हणूनच दुसऱ्या वहीचा नियम केला.

सध्या माझ्या वहीत दोन उपकरणांची पानं आहेत. लेनिअर हे आयर्लंडमधल्या न्यूरोमॉड कंपनीचं: हेडफोनमधून सूर आणि त्याच वेळी जिभेवर सौम्य विजेच्या टिचक्या. अमेरिकेच्या एफडीएने मार्च २०२३ मध्ये त्याला परवानगी दिली. ज्यांचा जाच मध्यम किंवा जास्त आहे त्यांना फायदा दिसला. पण खोट्या उपकरणाशी तुलना नव्हती. आधी सहा आठवडे नुसता सूर, मग सूर अधिक जीभ, अशी त्याच लोकांत तुलना होती. दुसरं मिशिगन विद्यापीठाच्या सुसान शोर यांच्या गटाचं: सूर आणि गाल किंवा मानेवर विजेच्या टिचक्या. २०२३ मध्ये छापलेल्या चाचणीत ९९ जण होते, खोट्या टप्प्याशी तुलना होती, फरक दिसला. त्यात घेतलेले सगळे असे, ज्यांचा आवाज जबडा किंवा मान हलवल्यावर बदलतो. आरशासमोरचा तो प्रयोग आता आठवला का? माझा जबडा पुढे काढला की सूर अर्ध्या पट्टीने चढतो. म्हणून ते पान मी फाडलेलं नाही, आणि कोणी परदेशातून उपकरण आणून देतो म्हणालं तरी पैसे दिलेले नाहीत.

१०. चाचणीत भाग घ्यायचा असेल तर

भारतात कोणतीही क्लिनिकल ट्रायल, म्हणजे माणसांवर उपचार करून बघायची चाचणी, सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असावी लागते; २००९ पासून ते सक्तीचं आहे. संकेतस्थळावर इंग्रजीत टिनिटस टाइप करून शोधा. जगभरच्या चाचण्यांसाठी अमेरिकेची क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह ही यादी आहे. प्रत्येक नोंदीला क्रमांक असतो. क्रमांक सांगता येत नसेल तर ती चाचणी नाही.

सही करायच्या आधी माहितीपत्रक मराठीत मागा आणि घरी नेऊन वाचा. नैतिकता समितीचा फोन क्रमांक त्यावर असतो. २०१९ च्या नियमांप्रमाणे चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाईची तरतूद आहे. ते कलम बोट ठेवून वाचा, विम्यातला माणूस म्हणून सांगतो. मधेच बाहेर पडायचा हक्क तुमचा.

आणि कोणी चाचणीसाठी पैसे मागितले तर उठून या. मला एका क्लिनिकमध्ये कानासाठी ‘स्टेम सेल’चे तीन डोस, एक लाख ऐंशी हजार असा दर सांगितला होता, पहिल्या डोसवर सूट. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या सूचनांप्रमाणे प्रायोगिक स्टेम सेल उपचारांचे पैसे रुग्णाकडून घेताच येत नाहीत.

११. पुढचा गणपती

उरलेलं राखायचं. कामाच्या जागेवरच्या आरोग्याचं बघणाऱ्या अमेरिकेच्या नायोश या संस्थेचा हिशोब सोपा आहे: ८५ डेसिबल आठ तास, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. ताशाच्या रांगेत उभं राहिलं की मोबाइलच्या ढोबळ अ‍ॅपवरही काटा शंभर ओलांडतो, आणि मिरवणूक पंधरा मिनिटांत गिरगाव नाक्यापर्यंतही पोचत नाही.

फोमचे प्लग स्वस्त असतात, पण नुसते टेकवून उपयोग नाही. बोटांत वळून बारीक सुरळी करा, दुसऱ्या हाताने डोक्यामागून कान वर-मागे ओढा, सरकवा, आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवा. नीट बसला की स्वतःचा आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. ठेका कळायला हवा असेल तर वादकांसाठीचे फिल्टरवाले प्लग घ्या, ते महाग पण सूर मारत नाहीत.

मी ताशा सोडला, आता पथकात झांजही वाजवत नाही, ध्वज धरतो. गेल्या वर्षी फोमच्या जोड्यांचं खोकं घेऊन गेलो. ताशाच्या रांगेतली पोरं हसली. मग त्यांच्यातला एक जण हळूच मागे येऊन म्हणाला, “दादा, विसर्जनानंतर दोन दिवस माझ्या कानात पण येतं तसं काहीतरी. ते नॉर्मल ना?” त्याला सुरळी कशी वळायची ते दाखवलं आणि ऑडिओग्रामसाठी पुढच्या सोमवारी सकाळी साडेसातला मुंबई सेंट्रलच्या फलाटावर भेटायचं ठरवलं.